फेरो बेटांवरील साखळी-नृत्य नेमके कशामुळे टिकले?

खारवारा (धागाकर्ता):

फेरो बेटांवर आजही माणसे हातात हात गुंफून, कोणत्याही वाद्याविना, केवळ गाण्याच्या आणि पावलांच्या ठेक्यावर फेर धरतात. त्याविषयी लिहिणारे बहुतेक जण एकच कारण सांगून मोकळे होतात: उत्तर अटलांटिकमधील ही अठरा बेटे जगापासून तुटलेली होती, म्हणून एके काळी युरोपभर चालणारा हा नाच तिथे शिल्लक राहिला. मला हे कारण अपुरे वाटते. आइसलँडही दूरच होता, तरीही तिथला ‘विकिवाकी’ हा नाच अठराव्या शतकात मागे पडला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंडमधील फूला बेटावर १७७४ मध्ये जॉर्ज लो यांनी नॉर्न या तिथल्या जुन्या भाषेतील एक दीर्घ कथागीत एका वृद्धाकडून उतरवून घेतले, तेव्हा ती भाषाच शेवटच्या घटका मोजत होती. नुसत्या अंतराने परंपरा राखल्या असत्या, तर तो नाच आणि ते गाणे, दोन्ही आजही चालू असते.

माझ्या मते फेरोचा फेर जिवंत राहिला तो त्यात नवी गाणी येत राहिल्यामुळे. आज सर्वाधिक गायले जाणारे ‘ओर्मुरिन लांगी’ हे कथागीत नॉर्वेच्या ओलाव राजाच्या इ. स. १००० च्या सुमाराच्या शेवटच्या लढाईविषयी आहे, पण ते रचले एकोणिसाव्या शतकात, येन्स क्रिश्चियन युरहूस या शेतकऱ्याने. त्याआधी, १८०६–०७ च्या सुमारास, नोल्सोयार पॉल या दर्यावर्दीने पक्ष्यांचे गीत रचले. त्यातील शिकारी पक्षी म्हणजे व्यापाराची मक्तेदारी राखणारे डॅनिश अधिकारी, आणि लहान पाखरांना वेळीच सावध करणारा ‘त्याल्दुर’ हा किनारी पक्षी म्हणजे स्वतः कवी. शिवाय गावातल्याच कुणाची फजिती सांगणारी टवाळ गाणी असत. ज्याच्यावर गाणे रचले, त्याला दोन धट्टेकट्टे गडी दोन्ही हात धरून फेरात ओढत आणि शेवटचे कडवे संपेपर्यंत सोडत नसत, असे जुन्या वर्णनांत आढळते. अशा नाचाला संग्रहालयातील वस्तू कसे म्हणायचे?

कडवेकरी:

नवी गाणी आली हे मान्य, परंतु ती ज्या साच्यात ओतली गेली तो साचा आधी कुणी सांभाळला, हा प्रश्न तुम्ही वगळलात. सिगुर्ड आणि ब्रुनहिल्ड या जुन्या नॉर्स वीरकथांतील पात्रांची कथागीते युरहूसच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी होती. १७८१–८२ मध्ये येन्स क्रिश्चियन स्वाबो यांनी तिथली गाणी लिहून घेतली ती लोकांकडून ऐकूनच. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर चर्चची आणि न्यायाची भाषा डॅनिश झाली, आणि हामर्सहाइम्ब यांनी १८४६ मध्ये लेखनपद्धती बसवून देईपर्यंत फेरोईज भाषेला प्रस्थापित लेखनच नव्हते. ज्या भाषेला ग्रंथ नाही, तिचे सारे वाङ्मय गळ्यात आणि पायातच राहणार. हिवाळ्यात ‘रोइकस्टोवा’ या चुलीच्या खोलीत लोकर विंचरताना आणि विणताना हीच गाणी म्हटली जात. आइसलँडकडे हस्तलिखितांची थोर परंपरा होती, त्यामुळे तुमची तुलनाच मुळात लंगडी आहे.

नाखवा:

दोघांनीही एक अडचणीची गोष्ट टाळली आहे. फेरोमध्ये डॅनिश गाण्यांवरही फेर धरला जातो, आणि त्यांतली कित्येक गाणी वेडेल यांच्या १५९१ च्या आणि पेडर स्यू यांच्या १६९५ च्या छापील संग्रहांतून आली आहेत. म्हणजे ही बेटे पुस्तकांपासूनही तुटलेली नव्हती आणि परंपरा निव्वळ मौखिकही नव्हती. पावलांचेच पाहा: डावीकडे दोन, मग उजवीकडे एक. सोळाव्या शतकातील फ्रेंच नृत्यपुस्तकात वर्णन केलेल्या ‘ब्रान्ल’शी हे फार जुळते, म्हणून मूळ फ्रान्सकडे शोधले जाते. मात्र तो नाच कोणत्या वाटेने आणि केव्हा आला, याचे लेखी पुरावे तुटपुंजे आहेत. त्यामुळे ‘अस्सल मध्ययुगीन’ हे बिरुद मी तरी जपून वापरेन.

खारवारा:

नाखवा यांच्या मुद्द्याने माझेच म्हणणे बळकट होते: बाहेरचे घेतले आणि आपल्या फेरात घातले. कडवेकरी, लेखन नसणे हे परंपरा टिकण्याचे कारण मानले, तर लेखन आल्यावर ती संपायला हवी होती. ग्रुंटविग आणि ब्लॉक या डॅनिश अभ्यासकांच्या संग्रहात २३६ कथागीते उतरवली गेली, शाळा आल्या, वर्तमानपत्रे आली. तरीही जुलैअखेरीस ओलावसोकाच्या सणाला तोर्सहाव्न या राजधानीत फेर धरला जातोच.

कडवेकरी:

धरला जातो, पण आता तो मुख्यतः नृत्यमंडळांच्या आणि शाळांच्या आधाराने. पूर्वी ‘शीपारी’, म्हणजे कडवे उचलणारा म्होरक्या, ऐंशी-शंभर कडवी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून पाठ करी. आज तो ती छापील पुस्तकातून पाठ करतो. गाणे तेच असेल, पण ते पुढच्या पिढीकडे जाण्याची वाट बदलली आहे, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. गेल्या पन्नास वर्षांतली किती नवी गाणी त्या फेरात रुळली, हे तुम्ही दाखवून द्या. मग मी तुमचा सिद्धांत मान्य करीन.