ग्रुप प्रोजेक्टला सगळ्यांना सारखेच मार्क का?

जागरण_मंडळ
बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोलापुरातल्याच एका कॉलेजात. जाहिरात विषयाला ग्रुप प्रोजेक्ट होता. ५ जणांनी मिळून गावातल्या एका खऱ्या दुकानाची मोहीम बनवायची: पोस्टर, ३० सेकंदांचं रील, रेडिओची जिंगल, होर्डिंगचा नमुना आणि पैसा कुठे किती घालायचा त्याचा तक्ता. आम्ही अशोक चौकाकडचं एक चादरीचं दुकान घेतलं.

आता कामाचा हिशेब ऐका. पोस्टर मी केले, ११ झाले, त्यातले ४ ठेवले. रील मी कापलं. तक्ता माझाच. एकाने गूगल फॉर्म फिरवला, तोही स्वतःच्या होस्टेलच्या ग्रुपवर. म्हणजे चादरीचं गिऱ्हाईक कोण, तर आईने बॅगेत कोंबलेली चादर पांघरणारी २० वर्षांची पोरं. एकीने पीपीटी जुळवली. दुसरी नुसती दुकानात जाऊन बसायची. आणि एक जण गड्ड्याच्या जत्रेआधी जो गायब झाला, तो थेट सादरीकरणाच्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून उगवला.

सगळ्यांना ५० पैकी ४१.

ग्रुपला एकच मार्क देणं म्हणजे तपासायचा कंटाळा, दुसरं काही नाही. ज्याचं काम त्याला मार्क. बोला. (एक पोस्टर जोडलंय.)

शेंगाचटणी
इस्त्रीवाला आमच्या ग्रुपलापण होता बे. व्हायवात पहिला प्रश्न त्यालाच आला आणि त्याने असं काय ठोकून दिलं, सरांना वाटलं हाच लीडर. मी फुल्ल तुझ्या बाजूने.

खडूवाली_बाई
मी शिकवते, तेव्हा शिव्या खायच्या तयारीनेच आले आहे. कंटाळा म्हणालास ते अगदीच खोटं नाही. ६० मुलं म्हणजे १२ ग्रुप, आणि प्रत्येकाची जिंगल ऐकायची असते. ते ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत.

पण हे दुखणं जुनं आहे. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ साली ते छापून आलं. एकट्याचा जोर १०० धरला, तर ८ जण मिळून ओढताना माणशी जेमतेम ४९ भरला. आणि ते सगळं आळसाच्या खात्यावर टाकता येत नाही. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही, हेही त्यात आहे.

तुझा उपाय मी करून पाहिलाय. एक वर्ष मुलांनाच सांगितलं, प्रत्येकाने उरलेल्या चौघांत १०० गुण वाटा. जवळजवळ सगळ्यांनी डोळे मिटून २५-२५ लिहिले. फक्त एका ग्रुपमध्ये तिघांनी मिळून एका मुलीला ५-५ दिले. ती अक्कलकोटहून एसटीने यायची, संध्याकाळची गाडी धरायला निघून जायची, कँटीनच्या चहाला कधी थांबायची नाही. त्या ग्रुपची सगळी जिंगल तिने लिहिली होती. तेव्हापासून मी ४० सारखे देते आणि १० व्हायवाचे वेगळे. त्याहून चांगलं काही सुचलेलं नाही.

एजन्सीतला_माजी
बाई, आदर राखून सांगतो, नाही पटलं. पुण्यात ९ वर्षं एजन्सीत काढली. तिथे 'ग्रुपने केलं' असं कुणी म्हणालं तर काम बिघडलंय हे ओळखायचं.

डीडीबी ही एजन्सी न्यूयॉर्कात १९४९ साली निघाली. तिथे बिल बर्नबाकने मजकूर लिहिणारा आणि चित्र करणारा यांना एकत्र बसवलं. त्याआधी मजकूर चित्रवाल्यांकडे धाडला की लिहिणाऱ्याचं काम संपायचं. फोक्सवॅगन बीटल गाडीची १९५९ची 'थिंक स्मॉल' ही जाहिरात घ्या: शब्द ज्युलियन कोनिगचे, मांडणी हेल्मुट क्रोनची. कोणाचं काय, हे आजही नावानिशी सांगता येतं. ५ जणांचा गोतावळा हवाच कशाला? दोघांची जोडी लावा. लपायला जागाच राहत नाही.

जागरण, एक विचारतो. टॅगलाइन काय होती आणि कोणाची?

खडूवाली_बाई
दोघांची जोडी म्हणजे ३० ग्रुप, ३० जिंगल. तुम्ही येता का ऐकायला?

जागरण_मंडळ
टॅगलाइन 'उलटवून बघा'. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावर विणलेली असते, छापलेली नसते. म्हणून ती दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंग उलटे. आधी 'चादर उलटी करून बघा' असं होतं, पण वर्गात सराव करताना मागच्या बाकावरून ओकारीचा आवाज आला, मग बदललं.

ती चर्चेतून आली.

शेंगाचटणी
चर्चेतून म्हणजे? टॅगलाइन काय सिद्धेश्वर तळ्यातून वर येते व्हय बे?

मागवाला
पूर्वभागात आमचे ४ माग आहेत, म्हणून बोलतो. पोस्टर मोठं करून बघितलं. त्यावरची चादर सोलापूरची नाही. नेटवरून उचललेलं छापील ब्लँकेट आहे ते. खालचा कोपरा दुमडलाय ना, तिथे मागची बाजू कोरी पांढरी दिसायलीय. आणि वर लिहिलंय काय, तर उलटवून बघा!

आमच्याकडे गिऱ्हाईक रोज विचारतं, इथलीच आहे ना, का बाहेरची? बाहेर विणलेला माल सोलापुरी म्हणून खपतो, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळून काय ते थांबलं नाही. दुकानदाराने हे पोस्टर लावलं असतं तर स्वतःच्या हाताने स्वतःचा माल खोटा ठरवला असता. दुकानात एवढे गठ्ठे पडलेले असताना फोटो नेटवरून? तू किती वेळा गेलास दुकानात?

जागरण_मंडळ
२ वेळा.

बरं, सांगतो. टॅगलाइन तिची, जी 'नुसती बसायची' तिची. ३ दुपारी ती गल्ल्यामागे स्टुलावर बसून मालकांच्या आईशी तेलुगूत गप्पा मारत होती. बायका चादर हातात घेतल्या घेतल्या भाव विचारत नाहीत, आधी कोपरा उलटवतात, हे तिने पाहिलं. आम्हाला येऊन सांगितलं तेव्हा मी म्हणालो, हे पीपीटीत कुठे घालू?

फोटोचं म्हणाल तर रात्री २ वाजता पोस्टर करत होतो, दुकान बंद होतं. चूक आहे. पण रात्री २ वाजता मी एकटाच जागा होतो, हेही खरं. आणि इस्त्रीवाल्याला ४१ का, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

खडूवाली_बाई
त्याला ४१ नकोच होते, तिथे तुझ्या सरांची चूक. पण तुझ्या हिशेबाने वाटले असते तर तिला किती आले असते रे? पहिल्या पोस्टमध्ये तिच्या वाट्याला एक वाक्य आलंय.

एजन्सीतला_माजी
मी अजून माझ्या म्हणण्यावर आहे. ती आणि तू अशी जोडी असती, तर तिने तुला तिसऱ्या दुपारी ओढत दुकानात नेलं असतं. फोटो तिथेच निघाला असता. पाच जणांत तिचं बोलणं ऐकायची कुणाची जबाबदारीच नव्हती.

मागवाला
जोडीत इस्त्रीवाला वाट्याला आला म्हणजे?

एजन्सीतला_माजी
मग देव पाठीशी.

पार्क_चौकातला
मार्कांवरून इतकं भांडलात, पण दुकानदाराला एवढी चांगली टॅगलाइन फुकटात मिळाली त्याचं काय? त्याने पोरांना दिलं काय?

जागरण_मंडळ
जाईल तेव्हा चहा. शेवटच्या दिवशी ५ टॉवेल, माणशी एक. इस्त्रीवाल्याने निळा आधीच उचलून ठेवला होता.