मदत हवी आहे : ड्राय डॉकच्या आधीची फेरी घ्यावी की नंतरची?

नमस्कार मंडळी. आईच्या पंचाहत्तरीला आम्ही ९ जण मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला निघतोय. जहाज नेमकं त्याच सुमारास ड्राय डॉकला, म्हणजे कोरड्या गोदीत तपासणी, दुरुस्ती नि रंगकामाला, जाणार आहे. प्रवासी जहाजाचा तळ ५ वर्षांत किमान २ वेळा पाण्याबाहेर काढून तपासावाच लागतो, त्यामुळे तक्रार नाही. डॉकनंतरच्या पहिल्याच फेरीचं तिकीट स्वस्त मिळतंय, पण काम लांबलं तर फेरीच रद्द व्हायची. शिवाय आईला रंगाच्या वासाने दम लागतो. घरी नुसतं दार रंगवलं तरी दोन दिवस गॅलरीत बसून असते. मग आधीची फेरी घ्यावी, की नंतरची दुसरी-तिसरी? डॉकनंतर लगेच कुणी गेलं असेल तर केबिनमधला वास, लिफ्ट, एसी कसं होतं ते सांगाल का? रद्द झाल्यास रोख परतावा मिळेल, असं बुकिंगआधी कुणी लेखी घेतलंय का?