फोटो ‘धुणे’ म्हणजे नेमकं काय?

अनुवादवाली: डार्करूमवरचा एक लेख मराठीत आणते आहे, आणि एका क्रियापदावर अडकले आहे. ‘रोल धुवायला टाकला’ असं आपण सर्रास म्हणतो, ते डेव्हलप या अर्थी. पण लेखात शेवटचं, वाहत्या पाण्यातलं वॉशिंगही आहे. दोन्हीकडे ‘धुणे’ लिहिलं तर वाचकाचा घोळ होणार. ‘विकासक’ लिहावं तर डोळ्यांसमोर बिल्डर उभा राहतो!

लाल दिवा: ‘धुणे’ हा गिऱ्हाइकाचा शब्द, ताई. काउंटरवर ‘धुवून कधी मिळेल?’ आणि आत ‘हायपोत टाक’ (हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं द्रावण), ‘पाण्यात सोड’. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर आधी केस दिसतात, मग भुवया, गालांची छटा सगळ्यात शेवटी. तेव्हा तोंडून एवढंच निघायचं, ‘आला बघ’. म्हणून मी म्हणेन: डेव्हलपरमध्ये फोटो उमटतो, हायपोत पक्का होतो, पाण्यात धुतला जातो. ‘पक्का’ हा रंगाऱ्यांचाच शब्द आहे, उसना घ्यायला हरकत नाही.

बीकर: ‘पक्का’ आवडला. पण हायपो काही चिकटवत नाही, उलट काढून टाकतो. उजेड न लागलेले चांदीचे क्षार तो विरघळवतो, म्हणून फोटो पुढे उजेडात काळा पडत नाही. हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1819 मध्येच नोंदवला होता. फोटोसाठी तो कामी आला 1839 मध्ये. गंमत म्हणजे ‘हायपो’ हे नाव चुकीचं. तेव्हा त्याला हायपोसल्फाइट म्हणत, खरा तो थायोसल्फेट. नाव चुकलं ते चुकलं, कॉलेजच्या टायट्रेशनमध्येही आम्ही हायपोच म्हणायचो. खडे पाण्यात ढवळले की बीकर गारेगार.

आणि शेवटचं धुणं दुय्यम समजू नका. हायपो कागदात राहिला की पुढे फोटो पिवळा पडतो. प्लास्टिकचा थर असलेल्या कागदाला काही मिनिटं पुरतात, साध्या फायबर कागदाला तासभर लागतो.

अनुवादवाली: उमटणे, पक्का करणे, धुणे. ठरलं. पण पुढच्या भागात सायनोटाइप, म्हणजे निळे फोटो छापायची पद्धत, आहे, तिथे ‘पाण्यात डेव्हलप करा’ असं आहे. आता? आणि त्याला ‘नीळछपाई’ म्हणू का?

बीकर: तिथे गिऱ्हाइकाचा शब्द शंभर टक्के बरोबर! फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं मिश्रण लावलेला कागद उन्हात ठेवतात. ऊन लागेल तिथे निळा रंग तयार होऊन धाग्यांत बसतो. उरलेलं द्रावण पाण्याबरोबर पिवळं पिवळं वाहून जातं. वेगळा डेव्हलपर नाही, हायपो नाही. धुतलं की झालं. ही कृतीही हर्शेलचीच, 1842 ची.

‘नीळछपाई’ मात्र नको. नीळ म्हटलं की गुळीची किंवा कपड्यांना घालायची आठवते. हा प्रशियन निळा, लोखंडाचा. तो अल्कलीत टिकत नाही. धुण्याच्या सोड्यात बुडवलात तर निळा उडून फिकट पिवळा राहतो. मग तोच कागद कोऱ्या चहात ठेवला की तपकिरी-काळा होतो, पण ती वेगळी हौस. सरळ सायनोटाइप लिहा.

लाल दिवा: सायनाइड ऐकून घरचे घाबरतात हो.

बीकर: सायनाइडलाच नाव निळ्यावरून मिळालंय, दादा. ग्रीकमध्ये ‘किआनोस’ म्हणजे गडद निळा, आणि सायनाइडचं आम्ल पहिल्यांदा काढलं प्रशियन निळ्यातून. फेरिसायनाइडमध्ये सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं. फक्त तीव्र आम्लापासून लांब ठेवा.

नकाशेवाला: ब्लूप्रिंट म्हणजे हेच ना? निळ्यावर पांढऱ्या रेघा. आमच्या हापिसात ‘ब्लूप्रिंट काढून आण’ म्हणायचे, पण हातात यायची अमोनिया प्रिंट, पांढऱ्यावर निळ्या रेघा आणि नाकात झणका. ती प्रक्रियाच वेगळी, नाव तेवढं जुनं चिकटलेलं.

अनुवादवाली: तळटीप वाढली! वाक्य असं केलंय, बघा: ‘कागद पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, धुता धुताच चित्र उमटेल.’

लाल दिवा: हां, आला बघ.