आजोबांचा संग्रह संग्रहालयाला द्यायचा आहे: अटी काय घालाव्यात?

दिवेलागण:
३८ अडकित्ते, १४ समया आणि पिंगुळीकडची (सिंधुदुर्ग) चित्रकथीची, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायच्या चित्रांची, २६ पानी पोथी आहे. सरकारी संग्रहालयाला दान करायचं आहे. ‘कायम मांडून ठेवू’ असं लिहून घ्यावं का? करसवलत मिळते का?

जुना_वाडा:
ती अट नकोच. अशी अट दिसली की संग्रहालयाची समिती दान घ्यायलाच बिचकते. शिवाय कागदावरच्या रंगांना ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड सोसत नाही आणि काही महिन्यांनी पानं अंधारात न्यावीच लागतात. कायम भिंतीवर राहिली तर रंग जातील. दानपत्रात हे मागा: पोथी फोडायची नाही, दात्याचं नाव पाटीवर आणि नोंदवहीत, अभ्यासकांना पाहायची मुभा. दिनकर केळकरांनी १९७५ साली आपला संग्रह राज्य शासनाला दिला, म्हणून तो आजही पुण्यातल्या केळकर संग्रहालयात एकत्र पाहता येतो. पण तिथं अडकित्ते मुबलक आहेत. त्यामुळे आधी नुसती यादी आणि फोटो पाठवा, त्यांच्याकडे काय नाही ते विचारा.

मोडीवाचक:
करसवलत नाही. आयकरातली देणगीची वजावट फक्त पैशाच्या देणगीला, वस्तूला नाही. पोथी १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे तिची नोंदणी लागते, आणि मालकी बदलली की तेही कळवावं लागतं. सगळ्या वारसांची लेखी संमती आत्ताच घ्या. दान अनेकदा इथंच अडतं: वस्तू पोचते, मग एखादा चुलतभाऊ हक्क सांगतो.

कसर_नको:
देण्याआधी काही घासूपुसू नका. चिंच, पितांबरी लावली की समईवरचा जुना थर जातो आणि तो परत येत नाही. अडकित्त्याला पाणी तर मुळीच नको. पितळी मूठ आणि लोखंडी पातं जिथं खिळ्यानं जोडलेलं असतं तिथं ओल राहते आणि गंज आतून धरतो. चित्रकथीत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. खळ सुटलेली दिसली तरी फेविकॉल लावू नका, लॅमिनेशन तर नाहीच. त्या खळीवरच कसर येते. पोथी बांधलेलं जुनं फडकं, त्यावरची अक्षरं, आजोबांची चिठ्ठी, सगळं सोबत द्या.

दिवेलागण:
फडक्यावर गावाचं नाव आहे, ते धुवायला काढलं होतं. थांबवते.