इंग्लंडच्या खेड्यातली चर्चची शाळा: पोरीला घालावं का?

अंगणवाडीताई (दिग्रस तालुका)
माझ्या पुतण्याची बायको इंग्लंडात नर्स आहे. शहरात घरभाडं परवडत नाही म्हणून ते एका खेड्यात राहतात. पोरीला जूनमध्ये चार पूर्ण झाले, आता सप्टेंबरात शाळा. गावात शाळा एकच, अन् ती चर्च ऑफ इंग्लंडची. इकडे सासूबाईंनी हाय खाल्ली, "पोट्टीले बाटवतीन थे लोक." दीर म्हणतात कॉन्व्हेंट आहे, तर फी किती? मला तिसरीच काळजी. चार वर्षांचं लेकरू माझ्या अंगणवाडीत खिचडी खाल्ली की पेंगतं, ते तिथं सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत काय करणार? कोणाची मुलं अशा शाळेत होती का? रोजचं काय चालतं ते सांगा.

वणीची_लेक
ताई, माझी मुलगी हेरिफर्डशरच्या एका खेड्यात अशाच शाळेत तिसरीपर्यंत होती. आता आम्ही परत गावी आलोय.

आधी दिरांना सांगा, फी शून्य. ही सरकारी पैशावर चालणारी शाळा आहे, आपल्याकडचं कॉन्व्हेंट नाही. पहिली तीन वर्षं, म्हणजे रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते दुसरी, दुपारचं जेवणही सगळ्यांना फुकट. शाकाहारी मिळतं. बीफ नको असेल तर पहिल्याच दिवशी लेखी द्या, तोंडी सांगितलेलं स्वयंपाकघरापर्यंत पोचतंच असं नाही.

रिसेप्शनचा वर्ग बराचसा तुमच्या अंगणवाडीसारखाच: वाळू, पाणी, ठोकळे, चिखलाचा स्वयंपाक. कायद्यानं सक्ती पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच्या सत्रापासून असते, त्यामुळे सुरुवातीला अर्धा दिवस पाठवायचं असेल तर ते मागता येतं. मुलं थोडी म्हणून आमच्याकडे दोन-दोन इयत्ता एका वर्गात, झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेसारख्या.

आता सासूबाईंचं. रोज प्रार्थनासभा असते. मेणबत्ती लावतात, बायबलातली गोष्ट, गाणं, मग डोळे मिटून क्षणभर शांत. गावच्या चर्चमधले पाद्री अधूनमधून येतात. नाताळच्या नाटकात माझी पोरगी मेंढी झाली होती. सुगीचा सण सप्टेंबर-ऑक्टोबरात होतो. चर्चभोवती कापणी झालेली गव्हाची शेतं, अन् पोरं देवापुढं ठेवतात डबाबंद बीन्स! मला हसू आवरेना. पण ते डबे नंतर गरजूंच्या फूड बँकेत जातात, हे कळल्यावर पुढच्या वर्षी मीही दोन डबे जास्त दिले.

प्रत्येक सत्राला एक मूल्य ठरलेलं: क्षमा, चिकाटी, आदर असं. भिंतीवर पाटी, शुक्रवारच्या सभेत त्यावर शाबासकी. माफ केलं म्हणून स्टिकर, हे मला कधीच पटलं नाही. पोरं स्टिकरसाठी भांडणं उकरून मग माफ करायची. पण भांडण मिटवायची रीत मात्र आवडली. बाई दोघांना बसवून विचारायच्या: काय झालं, कोणाला लागलं, आता नीट कसं करायचं? कोण चुकलं हे शेवटी. आमच्या वेळी शाळेत आधी छडी, मग चौकशी.

बाटवाबाटवी काही झाली नाही. दिवाळीत बाईंनी मलाच रांगोळी काढायला वर्गात बोलावलं.

खडूफळा (मेहकर)
शिक्षक आहे म्हणून थोडं कायद्याचं. तिथं खेड्यात चर्चचीच शाळा का, तर सरकारच्या आधी शाळा चर्चनं काढल्या. गरिबांच्या मुलांना शिकवायला चर्चची नॅशनल सोसायटी 1811 मध्ये स्थापन झाली. सरकारी बोर्ड शाळा आल्या 1870 च्या कायद्यानंतर. 1944 च्या कायद्यानं या चर्चच्या शाळांचे मुख्य दोन प्रकार झाले. 'कंट्रोल्ड' शाळेत प्रवेश आणि शिक्षक स्थानिक प्रशासनाकडे. 'एडेड' शाळेत ते शाळेच्या मंडळाकडे, आणि जागा कमी असतील तर चर्चला जाणाऱ्यांना आधी घेता येतं. पुतण्यानं एवढं आधी विचारावं.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 28 प्रमाणे पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला प्रार्थनेला बसवता येत नाही. तिथं उलट: चर्चची नसलेल्या सरकारी शाळेतही रोजची उपासना कायद्यानं आहे, पालकानं नको म्हटलं तरच मूल वगळतात. पालकानं कळवलं की शाळेला नकार देता येत नाही. मला आपलीच रीत बरी वाटते. गप्प बसलेल्या पालकाचा होकार धरायचा नसतो.

वणीची_लेक
गुरुजी, कागदावर तुमचं बरोबर. पण वगळलेलं पोर तेवढा वेळ बाजूच्या खोलीत एकटं चित्र रंगवत बसतं. आम्ही म्हणून नाही काढलं. घरी सांगितलं, तिथं हात जोड, इथंही जोड.

सोयाबीन_वाला
आमच्या गावच्या शाळेत परिपाठ होते, पण मास्तरच साडेअकराले येते. मूल्य कोन्तं म्हनावं बाप्पा?

अंगणवाडीताई
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. बाटवायची भीती थोडी उतरली. आता नवीनच काढलं: पोट्टी तिथं मराठी कोणासंग बोलन?

वणीची_लेक
आजीसंग! शाळा साधारण सव्वातीनला सुटते. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पावणेआठ, हिवाळ्यात पावणेनऊ. तेव्हाच व्हिडिओ कॉल करा, सहानंतर तिथली लहान पोरं झोपायच्या तयारीला लागतात.