लिडिया पिंकहॅम यांच्या ‘व्हेजिटेबल कंपाउंड’ला फसवणूकच म्हणावे लागेल

मूळ धागा

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत गुप्त पाठाच्या (म्हणजे घटक आणि कृती न सांगितलेल्या), बाटलीबंद आणि जाहिरातीच्या जोरावर खपणाऱ्या औषधांना ‘पेटंट औषधे’ म्हणत असत. मॅसॅच्युसेट्समधील लिन येथील लिडिया पिंकहॅम यांचे ‘व्हेजिटेबल कंपाउंड’ हे त्यांतील अतिशय गाजलेले औषध. 1873 च्या मंदीत पतीचा धंदा बुडाला, तेव्हा शेजारणींना मोफत दिला जाणारा वनस्पतींचा अर्क या बाईंनी मुलांच्या मदतीने 1875 पासून एक डॉलरला बाटली या भावाने विकायला काढला. अलीकडे त्यांचा उल्लेख स्त्री-आरोग्याच्या अग्रणी म्हणून आदराने केला जातो, आणि तो मला मुळीच पटत नाही.

पाळीच्या तक्रारी आणि अंग बाहेर येणे यांपासून गर्भाशयातील गाठी विरघळवण्यापर्यंत सर्व काही या एकाच बाटलीने बरे होते, असा दावा होता. त्यासाठी कोणताही पुरावा नव्हता. त्याहून गंभीर गोष्ट पत्रव्यवहाराची. ‘मिसेस पिंकहॅम यांना लिनच्या पत्त्यावर लिहा’ असे आवाहन जाहिराती करत राहिल्या, आणि हजारो स्त्रियांनी आपली सर्वांत खासगी दुखणी त्या भरवशावर लिहून पाठवली. पण बाई 1883 मध्येच वारल्या होत्या. 1905 मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाने त्यांच्या थडग्याच्या दगडाचे छायाचित्र छापले, तेव्हा कुठे ही बाब देशभर उघड झाली. मृत व्यक्तीच्या नावावर सल्ला विकणे याला मी दुसरा शब्द वापरू शकत नाही.

प्रतिसाद 1

धागाकर्त्यांनी औषधाची परीक्षा केली, पण त्या काळी स्त्रीपुढे दुसरे कोणते पर्याय होते हे पाहिले नाही. पदवीधर डॉक्टर तेव्हा कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, सर्रास देत. रुग्णांच्या हिरड्या सुजत, दात पडत. 1863 मध्ये लष्कराचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी ते सैन्याच्या औषधसाठ्यातून काढून टाकले, तर वैद्यकीय वर्तुळातच गदारोळ उठला. 1872 पासून अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डॉक्टर रॉबर्ट बॅटी यांनी पाळीच्या वेदना आणि मानसिक त्रास यांवर उपाय म्हणून निरोगी बीजांडकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. अशा काळात पोटदुखीसाठी चमचाभर अर्क घेणाऱ्या स्त्रीला भोळी ठरवणे अन्यायाचे आहे.

शिवाय पिंकहॅम यांच्या पुस्तिका पाळी, गर्भधारणा आणि पाळी जाण्याचा काळ यांविषयी सरळ भाषेत माहिती देत. आलेली पत्रे स्त्रियाच उघडतील, पुरुषाच्या नजरेस पडणार नाहीत, असे आश्वासन होते. परक्या पुरुषापुढे ही दुखणी बोलण्याचा संकोच किती स्त्रियांना दवाखान्यापासून दूर ठेवतो, हे आपल्याकडेही घरोघरी ठाऊक आहे.

प्रतिसाद 2

मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे, म्हणून बाटलीत काय होते यावरच लिहिते. युनिकॉर्न रूट, लाइफ रूट, ब्लॅक कोहोश, प्लुरसी रूट ही अमेरिकेतील मुळे आणि मेथीचे दाणे, असा मूळ पाठ सांगितला जातो. यांतील ब्लॅक कोहोश पाळी जाण्याच्या काळातील तक्रारींसाठी आजही विकले जाते, मात्र त्याच्या परिणामाविषयीचे पुरावे ठाम नाहीत. लाइफ रूट ही सेनेसिओ कुळातील वनस्पती असून त्या कुळातील पायरोलिझिडिन अल्कलॉइडे यकृताला इजा करतात. ‘वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी’ हा समज इथेच मोडतो.

अल्कोहोल सुमारे 18 टक्के होते. दिवसभरात चार मोठे चमचे, म्हणजे साधारण 60 मिलिलिटर औषध पोटात गेले, तर शुद्ध अल्कोहोल 11 मिलिलिटरच्या आसपास होते. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगपेक्षा ते थोडेसेच कमी आहे. ज्यांना ‘बरे वाटले’, त्यांच्या त्या वाटण्यात याचा वाटा नव्हता असे मी म्हणू शकत नाही.

मला वनस्पतींविषयी आकस नाही. सिंकोनाच्या सालीतून 1820 मध्ये पेलतिए आणि कावाँतू यांनी क्विनीन वेगळे केले, त्यामुळे मात्रा मोजता येऊ लागली. पिंकहॅम यांच्या बाटलीत असा मोजण्याजोगा घटक कोणता, हे विकणाऱ्यांनाही सांगता आले नसते.

प्रतिसाद 3 (प्रतिसाद 1 चे लेखक)

रसायनाचा मुद्दा मान्य. परंतु मुळांचा नुसता पाण्यातील काढा चार दिवसांत आंबतो, त्यामुळे दूर पाठवायच्या अर्काला अल्कोहोल लागणारच. आपली आसवे-अरिष्टे याच तत्त्वावर टिकतात; फरक एवढाच की त्यांच्यातले अल्कोहोल आंबवण्याच्या क्रियेत आपोआप तयार होते. शिवाय पाठातील मुळे बाईंच्या कल्पनेतून आलेली नव्हती. एक्लेक्टिक पंथाचे, म्हणजे वनस्पतिजन्य औषधांवर भर देणारे अमेरिकी वैद्य ती वापरत होते आणि त्यांच्या ग्रंथांत त्यांची नोंद होती.

धागाकर्त्यांचे उत्तर

अल्कोहोल टिकवण्यासाठी लागते, हे खरेच आहे. माझी हरकत ते न सांगण्याला आहे. पिंकहॅम स्वतः दारूबंदीच्या पुरस्कर्त्या होत्या आणि दारूला शिवायचे नाही असे ठरवलेल्या असंख्य स्त्रिया हे औषध घेत होत्या. त्यांना प्रमाण कळण्याचा हक्क 1906 च्या ‘प्युअर फूड अँड ड्रग ॲक्ट’ने मिळाला, अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन यांसारखे घटक लेबलवर छापणे तेव्हापासून सक्तीचे झाले.

गुप्त पाठ किती घातक ठरू शकतो, हे ‘मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप’ दाखवते. दात येणाऱ्या तान्ह्या बाळांना शांत करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या त्या सिरपच्या दर औंसात 65 मिलिग्रॅम मॉर्फिन होते. तेही अफूच्या बोंडातून, म्हणजे वनस्पतीतूनच आले होते. बाळ निजले की आईला वाटे, गुण आला. आणि काही बाळे पुन्हा उठली नाहीत. पिंकहॅम यांची बाटली तेवढी वाईट नव्हती, पण लपवण्याची रीत तीच होती.

प्रतिसाद 4 (प्रतिसाद 1 चे लेखक)

पत्रांच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे. पिंकहॅम यांच्या सूनबाई उत्तरे देतात, असे कंपनीने नंतर सांगितले. ते मृत्यूनंतर लगेच सांगायला हवे होते. अर्काबाबत मात्र माझे मत बदललेले नाही. 1906 चा कायदा बाटल्यांना लागू झाला, डॉक्टरांच्या निर्णयांना नाही. पिंकहॅम यांच्या पाठाची लेबलवर झडती झाली. निरोगी बीजांडकोश काढणाऱ्यांना मात्र आपल्या दाव्यांचा हिशेब कोणत्याही लेबलवर द्यावा लागला नाही, आणि त्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर मेलेल्या स्त्रियांच्या बाजूने असा धागा कोणी काढलेला मला दिसला नाही.