मार्केविचबाईंचं पिस्तूल मोठं की पातेलं?

वाटसरू

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या कॉन्स्टन्स मार्केविचबद्दल काहीही वाचायला घेतलं की आधी तो फोटो येतो. अंगात गणवेश, डोक्यावर पिसांची हॅट, हातात रिव्हॉल्व्हर. स्टुडिओत ऐटीत उभं राहून काढलेला. मग ठरलेली गोष्ट: १९१६चा ईस्टरचा उठाव, डब्लिनची स्टीफन्स ग्रीन बाग, शरण जाताना पिस्तुलाचं घेतलेलं चुंबन, देहान्ताची शिक्षा आणि बाई म्हणून ती रद्द होऊन मिळालेली जन्मठेप. खेळ खलास.

माझं मत स्पष्ट सांगतो. पिस्तूल हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. एका आठवड्याचा मामला, आणि लष्करी दृष्टीने फसलेला. चहूबाजूंनी उंच इमारती, मध्ये बाग, आणि हे लोक बागेत खंदक खणून बसले! दुसऱ्या दिवशी पहाटे शेलबर्न हॉटेलवरून मशीनगन सुरू झाल्यावर सर्जन्स कॉलेजच्या इमारतीत पळावं लागलं.

खरी बाई दिसते १९१३मध्ये. ट्रामकंपनीचा मालक विल्यम मार्टिन मर्फी आणि त्याच्याबरोबरच्या मालकांनी कामगारांना सांगितलं, कामगारनेता लार्किनची युनियन सोडल्याचं लिहून द्या, नाहीतर घरी बसा. सुमारे वीस हजार कामगार घरी बसले, आणि कित्येकांचं घर म्हणजे पडक्या माडीतली एक खोली. लिबर्टी हॉलच्या तळघरात रोज सूप शिजायला लागलं. स्लायगोच्या लिसाडेल हवेलीत वाढलेली जमीनदाराची मुलगी बाह्या सारून तिथे महिनोन्‌महिने राबली. त्यासाठी स्वतःचे पैसे घातले, कर्ज काढलं. पुढे १९१९मध्ये आयरिश लोकांनी स्वतःची संसद मांडली, दॉल, तिच्यात ती कामगारमंत्री झाली. आणि १९२६च्या कोळसा संपाच्या हिवाळ्यात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या मोटारीतून गरिबांच्या घरी जळणाच्या गोणी पोचवत होती. या बाईला आपण एका फोटोत का कोंबतो?

पोफळी

लेख आवडला, मत अजिबात पटलं नाही.

वाटसरू, तुम्ही नकळत काय केलंत बघा. बंदूक घेतलेली बाई होती, तिच्या हातातून बंदूक काढलीत आणि पळी दिलीत. अन्नपूर्णा म्हणून बाई कुणालाही चालते. उपाशी पोरांना वाढणारी तर फारच चालते. पंचाईत होते ती गणवेशातल्या बाईची.

तिला स्वतःला हे पक्कं ठाऊक होतं. १९०८ची मँचेस्टरची पोटनिवडणूक. तिची बहीण ईव्हा गोर-बूथ तिथे बारमध्ये काम करणाऱ्या मुलींच्या नोकऱ्यांसाठी लढत होती, उमेदवार होता चर्चिल. कॉन्स्टन्स चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकत प्रचाराला आली. गर्दीतून एकाने विचारलं, जेवण करता येतं का? ती म्हणाली, "येतं की. तुम्हाला चार घोड्यांची गाडी हाकता येते?" (चर्चिल पडला, हे जाता जाता.)

तुमचा धागा मला त्या गर्दीतल्या माणसासारखा वाटतोय. राग मानू नका.

वाटसरू

राग नाही. पण उत्तर पुन्हा वाचा. "येतं की" म्हणाली ना! तुम्ही दुसरंच वाक्य धरून बसलात.

अडकित्ता

दोघांनाही एक प्रश्न. मायकल लाहिफ कोण?

अठ्ठावीस वर्षांचा डब्लिन पोलिसातला शिपाई. त्या सोमवारी स्टीफन्स ग्रीनपाशी गोळी लागून मेला. डब्लिनचे हे गणवेशातले शिपाई निःशस्त्र असत. म्हणजे ज्याच्या हातात दंडुक्यापलीकडे काही नाही अशा, आपल्याच देशातल्या एका पगारी माणसाला मारलं गेलं. ही गोळी मार्केविचने झाडली असं बरेच जण लिहितात. पिस्तूल किरकोळ म्हणणारे आणि पिस्तूल महान म्हणणारे, दोघेही या माणसाला ओलांडून पुढे गेलात.

आणि मेव्ह? पोटची पोर लिसाडेलला आजीकडे सोडली ती सोडलीच. देशासाठी घरदार सोडणाऱ्यांच्या आरत्या आपण फार लवकर ओवाळतो.

पोफळी

मेव्हचं दुखणं खरं आहे, मान्य. पण बापाचं नाव नाही काढलंत. काझिमिर मार्केविच १९१३मध्ये बाल्कनकडे निघून गेला, नंतर आला तो जवळपास बायको मरणाला टेकल्यावर. त्याच्यावर धागा कधी काढताय?

डब्लिनकर

सहा वर्षं इथे आहे म्हणून दोन शब्द. लाहिफचं प्रकरण अडकित्ता म्हणतात तितकं सरळ नाही. एका परिचारिकेने जवळच्या खिडकीतून पाहिल्याचं लिहून ठेवलंय, आरोप मुख्यतः त्यावर उभा आहे. पण त्या वेळी मार्केविच बागेत पोचलीच नव्हती, सिटी हॉलकडे होती, असंही दाखवून दिलं गेलंय. कोर्टमार्शलमध्ये तिच्यावर शिपायाच्या खुनाचा आरोप ठेवलेलाच नव्हता.

आणखी एक. तिचा खटला चालवणारा वकील विल्यम वायली याने बऱ्याच वर्षांनी आठवणींत लिहिलं की ती कोर्टात कोसळली, "मी बाई आहे, बाईला गोळी घालू नका" म्हणून रडली. कोर्टाची मूळ नोंद कित्येक दशकं बंद होती. ती उघडल्यावर तिच्यात तिचं म्हणणं निघालं ते असं: मी आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढायला बाहेर पडले, माझं काय होईल त्याची पर्वा नाही, मला योग्य वाटलं ते केलं आणि त्यावर ठाम आहे. शिक्षा कमी करताना कारण दिलं ते फक्त आणि फक्त ती स्त्री आहे एवढंच.

बागेत आता तिचा अर्धपुतळा आहे. माझा जीव मात्र टाउनसेंड स्ट्रीटवरच्या पुतळ्यावर. तिथे शेजारी तिचं पॉपेट नावाचं कुत्रं पण आहे. आणि हो, उठावाच्या आठवड्यात बागेतल्या बदकांना खायला घालायला माळी जायचा तेव्हा दोन्हीकडून गोळीबार थांबवायचे. हे इथे प्रत्येक जण सांगतो, मग मी तरी का सोडू.

अडकित्ता

खुनाचा आरोप नव्हता हे ठीक. पण शिपाई मेला तो तिच्याच तुकडीच्या गोळीने. तुकडीप्रमुख मायकल मॅलिनच्या खालोखाल तीच हुकूम देणारी होती. बदकांसाठी बंदुका थांबल्या, त्याच्यासाठी थांबल्या नाहीत.

रात्रपाळी

उशिरा आले. वाटसरू म्हणतात पिस्तूल बाजूला ठेवा. ठेवलं की काय होतं ते मार्गारेट स्किनिडरला विचारा. मुळात शिक्षिका. त्याच सर्जन्स कॉलेजच्या तुकडीत नेमबाज, तीन गोळ्या लागल्या. स्वतंत्र आयर्लंडमध्ये १९२५ला जखमींच्या पेन्शनसाठी अर्ज केला तर उत्तर आलं, कायद्यात सैनिक म्हणजे पुरुष. पेन्शन मिळायला १९३८ उजाडलं.

आणि डी व्हॅलेराचं बघा, उठावातला एक सेनानी, पुढे आयर्लंडचा पंतप्रधान. १९१६ला आपल्या बोलंड्स मिलच्या तुकडीत बायका घ्यायलाच तो तयार नव्हता. १९२७च्या जुलैमध्ये मार्केविच दवाखान्याच्या सर्वसाधारण वॉर्डात वारली, ग्लासनेव्हिनला तिच्या कबरीवर भाषण कुणाचं? त्याचंच. दहा वर्षांनी त्याच्या राज्यघटनेत कलम आलं की बाई घरात राहून राष्ट्राला आधार देते. २०२४ला ते बदलायचा प्रस्ताव सार्वमतात पडला, कलम अजून आहे. तिच्यानंतर आयर्लंडमध्ये दुसरी स्त्री कॅबिनेट मंत्री व्हायला १९७९ साल लागलं.

सूप वाढणारी म्हणून तिला लक्षात ठेवायला डी व्हॅलेराचीही हरकत नसती.

वाटसरू

हे शेवटचं वाक्य लागलं. स्किनिडरचं मला माहीत नव्हतं, आणि पोफळींच्या "पळी दिलीत" या टोमण्याचं वजन आता कळतंय.

तरी माझा मुद्दा सगळा सोडत नाही. तुम्ही सगळे सूप म्हणजे स्वयंपाकघर धरून चालला आहात. १९१३चं ते तळघर मला वाढपी बाईचं काम वाटतच नाही. मालकांचा हिशेब साधा होता, पोरं उपाशी राहिली की बाप आपोआप सही करतो. म्हणजे पातेलं रिकामं पडलं असतं तर संप तेव्हाच संपला असता. तशीही हार झालीच, १९१४च्या सुरुवातीला माणसं कामावर परतली, पण महिनोन्‌महिने ताणली. त्याच संपात पोलिसांच्या लाठ्या खाऊन कामगारांची सिटिझन आर्मी निघाली, आणि तिचाच गणवेश त्या फोटोत तिच्या अंगावर आहे. बंदूक पातेल्यातून आली असं म्हणा हवं तर.

आणि १९१८ची निवडणूक कुणीच काढली नाही! सतरा बायका उभ्या, निवडून आली ही एकटी, तीही लंडनच्या हॉलोवे तुरुंगात बसून. ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली पहिली स्त्री, आणि तिथे पाऊल टाकायला नकार. जानेवारी १९१९ला दॉलमध्ये हजेरी घेताना तिच्या नावापुढे उत्तर आलं, परक्यांनी कोंडलेली.

पोफळी

म्हणूनच ब्रिटनमध्ये नॅन्सी अ‍ॅस्टरचं नाव पुढे येतं, कारण ती निवडून येऊन संसदेत जाऊन बसली. २०१८ला आयरिश संसदेने मार्केविचचं चित्र वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश संसदेला, भेट दिलं. जिवंतपणी गेली नाही, भिंतीवर टांगून का होईना नेली. मला ते बरं वाटलं नाही.

आणि तुमचं "बंदूक पातेल्यातून आली" अर्धंच मान्य. १९०९लाच ती फियाना या राष्ट्रवादी बालसंघटनेच्या पोरांना कवायत आणि नेमबाजी शिकवत होती. संपाच्या चार वर्षं आधी.

अडकित्ता

पोरांना नेमबाजी. हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत?

पोफळी

नोंद म्हणून लिहिलं. कौतुक करावं का, ते ठरत नाहीये.

डब्लिनकर

उद्या सुट्टी आहे. ग्लासनेव्हिनला लाहिफचीही कबर आहे का बघून येतो. सापडली तर इथेच लिहीन.